एकच माणूस, तीन ग्राहक क्रमांक : बँक-सोसायटीच्या यादीतली दुबार नावं शोधायची कशी?

वडगाव : 'दुबार' हा शब्द सध्या मतदार यादीमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीआधी राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले, त्यावर भरपूर राजकारणही झालं. पण दुबार नावांचा दुसरा एक मोठा साठा आपल्या गल्लीतच आहे, त्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. तो म्हणजे सहकारी बँका, सोसायट्या आणि दुकानदारांच्या संगणकातली ग्राहकांची यादी. वडगाव, शहापूर, खासबाग या विणकरांच्या पट्ट्यात एकेका घराची दोन-तीन ठिकाणी खाती असतात. आईचं एक, मुलाचं एक, मागाच्या धंद्याचं एक. त्यात एकाच बँकेत एकाच माणसाला दोन-तीन ग्राहक क्रमांक मिळालेले असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

ग्राहक क्रमांक आणि खाते क्रमांक यात बऱ्याच जणांचा घोळ होतो, तो आधी मिटवू. खाती कितीही असू शकतात. बचत, ठेव, कर्ज, लॉकर. ग्राहक क्रमांक मात्र माणशी एकच हवा आणि सगळी खाती त्याच एका क्रमांकाखाली लागलेली हवीत. रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना प्रत्येक ग्राहकाला असा एकच ओळख क्रमांक द्यायला सांगितलं आहे आणि २०१६ च्या केवायसी निर्देशांतही ती अट होती. अट कागदावर सोपी आहे. जुन्या यादीत माणूस शोधून काढणं अवघड आहे.

वडगाव किती प्रकारे लिहितात?

मराठीत वडगाव, कन्नडमध्ये वडगावी. इंग्रजीत कोणी 'व्ही'ने सुरुवात करतं, कोणी 'डब्ल्यू'ने, कोणी मध्ये एक जादा 'ए' घालतं. वर १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर 'बेलगाम'चं 'बेळगावी' झालं. (१ नोव्हेंबर ही तारीख सीमाभागात वेगळ्या कारणाने लक्षात असते, तो विषय इथला नव्हे.) त्याआधी उघडलेल्या खात्यावर जुनं नाव, नंतरच्या खात्यावर नवं. शिवाय पत्त्यात नुसतं 'वडगाव' असेल तर ते बेळगावचं, की हातकणंगले तालुक्यातलं पेठ वडगाव, की पुण्याकडचं वडगाव मावळ, हे पिनकोड असल्याशिवाय संगणकाला कळायचा मार्ग नाही.

माणसांच्या नावांची तर वेगळीच तऱ्हा. महाराष्ट्रात आडनाव आधी लिहायची सवय, कर्नाटकात नाव आधी किंवा नुसती आद्याक्षरं. त्यामुळे 'पाटील मारुती परशराम', 'मारुती पी. पाटील' आणि 'एम. पी. पाटील' हे तीन ग्राहक तयार होतात. (ही नावं उदाहरणापुरती.) परशरामचं कुठे परशुराम होतं, यल्लाप्पाचं येल्लाप्पा होतं. चौगुले हे आडनाव इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. बायकांचं आणखी अवघड. माहेरी बेळगाव तालुक्यात एका नावाने खातं, लग्न होऊन चंदगड-गडहिंग्लजला गेल्यावर नाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनाव, पत्ता आणि राज्य असं सगळंच बदलतं. जुनं खातं बंद करायला कोणी बेळगावला येत नाही. पुढे माहेरच्या जागेचे पैसे आले की त्याच बँकेत नवं खातं निघतं, आणि काउंटरवरचा क्लार्क गर्दीत जुनं शोधत बसत नाही. सरळ 'नवीन ग्राहक' दाबतो.

बहुतेक दुबार नोंदी अशाच जन्मतात. लबाडीपेक्षा घाई त्याला जास्त कारणीभूत असते. दोन संस्थांचं विलीनीकरण झालं किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात माहिती ओतली की त्यात आणखी भर पडते.

बिघडतं काय?

सगळ्यात आधी ठेव विमा. ठेव विमा महामंडळ एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. ही रक्कम पावतीमागे नसते, खात्यामागे नसते आणि शाखेमागेही नसते. समजा एखाद्याच्या एकाच बँकेत ४ लाख, ३ लाख आणि २ लाखांच्या तीन ठेवी तीन ग्राहक क्रमांकांवर आहेत. त्याला वाटतं, प्रत्येक पावती ५ लाखांच्या आत आहे, आपण सुरक्षित. तसं नाही. माणूस एक, बँक एक, एकूण ९ लाख, विमा ५ लाखच. क्रमांक तीन असल्यामुळे संरक्षण तिप्पट होत नाही, उलट बँकेवर निर्बंध आले तर यादी जुळवताना हीच नावं बाजूला काढावी लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे, आणि त्यातले पहिले ४५ दिवस बँकेने ठेवीदारांची यादी तयार करून देण्यासाठी आहेत. ४५ दिवसांत कित्येक वर्षांचा घोळ निस्तरणं किती जमेल, हे ज्याने एकदा तरी बॅलन्स जुळवलाय त्याला सांगायला नको.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हा विमा बँकांना आहे. पतसंस्था, क्रेडिट सोसायटी, कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्याखालच्या सौहार्द सहकारी किंवा बहुराज्य सोसायट्या यांच्या ठेवींना तो लागू नाही. पाटीवर मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असो.

दुसरी गोष्ट कराची. बँक किंवा सहकारी बँकेच्या ठेवीवरचं व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं (ज्येष्ठांना १ लाख) तर उगमातून कर कापला जातो. ही मर्यादा २०२५-२६ पासूनची. संगणकीकृत बँकेत सर्व शाखांचं व्याज एकत्र धरायचं असतं. दोन क्रमांकांवर ३०-३० हजार व्याज असेल तर संगणकाला दोघेही मर्यादेच्या आत दिसतात, कर कापला जात नाही, आणि पुढे नोटीस आली की ग्राहक म्हणतो बँकेची चूक, बँक म्हणते पॅन तुम्ही दिला नाही. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली तर बँकेने आयकर खात्याला कळवायचं असतं. तिथेही बेरीज माणसाची, खात्याची नाही.

तिसरी गोष्ट सहकारातल्या लोकांनी जास्त मनावर घ्यावी अशी. सहकारात एक सभासद, एक मत. शेअर कितीही असोत. सभासद यादीत एकच माणूस दोनदा असेल तर त्याची मतं दोन होतात. संचालक मंडळाच्या निवडणुका किती चुरशीने होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग ग्राहकांची यादी साफ करणं हे फक्त कॉम्प्युटर सेक्शनचं काम उरत नाही.

साधी तपासणी : पाऊण काम इथेच

छोट्या सोसायटीला किंवा हजार-दोन हजार ग्राहक असलेल्या दुकानदाराला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल पुरतं. मात्र आधी मूळ यादीची प्रत काढून बाजूला ठेवायची आणि काम प्रतीवरच करायचं. 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' या बटणाला तर हातच लावायचा नाही. ते दुबार दाखवत नाही, सरळ उडवून टाकतं.

पहिली पायरी सफाईची. नावाआधीचे श्री, सौ., कु. काढायचे. टिंबं, स्वल्पविराम, जादा मोकळ्या जागा काढायच्या. इंग्रजी अक्षरं सगळी एकाच साच्यात आणायची. मोबाईलपुढचा ९१ किंवा शून्य काढून शेवटचे १० आकडे ठेवायचे. ०८३१ ने सुरू होणारे जुने लँडलाइन वेगळ्या रकान्यात टाकायचे, कारण त्यातले बरेच कधीच बंद झालेत. गावाच्या नावांचा एक तक्ता करायचा : वडगावची सगळी रूपं एका बाजूला, ठरवलेलं एक रूप दुसऱ्या बाजूला. तसंच निपाणी, खानापूर, येळ्ळूर यांचं. हा तक्ता तयार करायला एक दिवस जातो, पण गल्लीतली नावं माहीत असलेला जुना शिपाई किंवा पिग्मी एजंट शेजारी बसवला तर काम अर्ध्या वेळेत होतं.

मराठी-कन्नडमध्ये भरलेली जुनी माहिती असेल तर आणखी एक खड्डा आहे. श्रीलिपी किंवा नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव डोळ्यांना नीट दिसतं, संगणकाला मात्र ती भलतीच अक्षरं असतात. ते युनिकोडमध्ये आणल्याशिवाय जुळणी होत नाही. आणि युनिकोडमध्येही 'कुऱ्हाडे'मधला 'ऱ्ह' दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला एकच, आत वेगळा.

दुसरी पायरी मोजणीची. सफाई केलेल्या रकान्यावर 'काउंटइफ' लावायचं आणि उत्तर १ पेक्षा जास्त आलं ती ओळ रंगवायची. डेटाबेस असेल तर हेच काम 'ग्रुप बाय' आणि 'हॅविंग काउंट' या दोन शब्दांत होतं. म्हणजे पॅनप्रमाणे गट्ठे बांधायचे आणि ज्या गठ्ठ्यात एकाहून जास्त ग्राहक आहेत तेवढेच दाखवायचे. आधी पॅन, मग मोबाईल, मग नाव अधिक जन्मतारीख असं एकेक करत जायचं.

एक्सेलची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. ते १५ अंकांपर्यंतच आकडा नीट धरतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो. मजकूर म्हणून टाकला तरी 'काउंटइफ' त्याला आकडा समजून पहिले १५ अंकच बघतं. म्हणजे शेवटचा अंक वेगळा असलेली दोन खरी खाती दुबार म्हणून समोर येतात. यावर तोडगा म्हणजे क्रमांकाच्या आधी एखादं अक्षर जोडून मगच मोजायचं.

कशावर किती विश्वास ठेवायचा?

पॅन सगळ्यात पक्का. १० अक्षरांतलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर असतं, त्यामुळे टाइप करतानाची चूकही पकडता येते. एका माणसाने दोन पॅन बाळगणं हाच मुळात १० हजारांच्या दंडाचा विषय आहे. पण विणकर, शेतकरी, मजूर अशा कित्येकांची खाती पॅनऐवजी फॉर्म ६० वर चालतात. तिथे पॅनचा रकाना कोरा. कोऱ्याला कोरा जुळवून 'दुबार' म्हणणारी यादी पहिल्याच दिवशी हजार नावं काढते आणि सगळे वैतागतात. कोरे रकाने आधी बाजूला काढायचे.

मोबाईल दिसतो भरवशाचा, पण आपल्याकडे एक नंबर घरभर चालतो. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाचा नंबर आई-वडील, आजी सगळ्यांच्या खात्याला असतो.

जन्मतारीख त्याहून फसवी. साठीच्या पुढच्या लोकांत १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे ते कोणत्याही शाळेच्या दाखल्यांत बघावं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी तीच लिहिली. आधार काढताना फक्त साल सांगितलं असेल तर १ जानेवारी पडते. त्यामुळे '१ जून १९५८' जुळली यात फार काही नाही. '१७ मार्च १९५८' जुळली तर त्यात दम आहे.

हाच विचार इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर या दोघांनी १९६९ मध्ये गणितात मांडला आणि आजही जनगणनेपासून दवाखान्यांच्या नोंदींपर्यंत त्याच्यावरच काम चालतं. प्रत्येक जुळणाऱ्या गोष्टीला गुण द्यायचे, आणि जी गोष्ट विरळ तिला जास्त गुण. बेळगावात 'पाटील' जुळलं तर गुण नावाला. क्वचित सापडणारं आडनाव जुळलं तर भरपूर. न जुळणाऱ्या गोष्टींचे गुण वजा. बेरीज एका रेषेच्या वर गेली तर दुबार, दुसऱ्या रेषेच्या खाली असली तर वेगळे, आणि मधले सगळे माणसाने स्वतः बघायचे. 'मधले माणसाने बघायचे' हा भाग विकताना सॉफ्टवेअरवाले सहसा सांगत नाहीत.

'रमेश' आणि 'राजेश'

स्पेलिंग थोडं वेगळं असलं तरी जुळवायचं कसं, याला दोन जुन्या रीती आहेत. एक साउंडेक्स. उच्चारावरून सांकेतिक क्रमांक देण्याच्या या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये घेतलं गेलं. ती इंग्रजी नावांसाठी आहे, आणि आपल्याकडे आली की गडबडते. पाटील, पटेल आणि पाटोळे तिघांनाही ती 'पी-३४०' देते. उलट चव्हाण आणि चौहान यांना वेगळं काढते. वडगाव 'व्ही'ने लिहिलं तर 'व्ही-३२५', 'डब्ल्यू'ने लिहिलं तर 'डब्ल्यू-३२५'. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचा नियम असल्याने ही दोन गावं कधी भेटतच नाहीत.

दुसरी रीत रशियन गणिती व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांची, १९६५ ची. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. इंग्रजीतल्या 'व्ही'च्या वडगावचं 'डब्ल्यू'चं करायला १ बदल, वडगावी करायला ३. ही रीत टाइपिंगच्या चुका छान पकडते. पण रमेशचा राजेश करायलाही इंग्रजीत एकच अक्षर लागतं! आणि रमेश-राजेश ही जोडी सख्ख्या भावांचीच असायची शक्यता जास्त. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, घर नंबर तोच, मोबाईलही तोच. संगणकाच्या लेखी हा एकच माणूस. जुळी मुलं असतील तर जन्मतारीखसुद्धा तीच.

दुबार नोंद राहून गेली तर नुकसान आहे, पण दोन वेगळी माणसं एक केली तर त्याहून मोठं. एका भावाचं थकलेलं कर्ज दुसऱ्याच्या नावावर, एकाची ठेव दुसऱ्याच्या पासबुकात, वारसदार भलताच. भावाभावांत वाटणीचा दावा चालू असेल तर बघायलाच नको. मतदार यादीतही तेच. नावापुढचे तारे 'संभाव्य' दुबारचे असतात, चौकशीशिवाय नाव उडवायचं नसतं.

संख्येचंही एक गणित आहे. ४० हजार ग्राहकांत प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची तर जवळपास ८० कोटी जोड्या होतात. सेकंदाला एक जोडी तपासली तरी २५ वर्षं जातील. म्हणून यादीचे आधी गट पाडतात, पिनकोडप्रमाणे किंवा जन्मसालाप्रमाणे, आणि तुलना गटाच्या आतच करतात. शंभर-शंभरचे ४०० गट केले तर जोड्या २० लाखांच्या आत येतात. फक्त लग्न होऊन चंदगडला गेलेली बाई पिनकोडच्या गटात सापडणार नाही. तिच्यासाठी दुसरी फेरी जन्मतारखेच्या गटाची लावावी लागते.

जोडताना

संयुक्त खात्यांबाबत घाई नको. 'नवरा-बायको' आणि 'बायको-नवरा' या क्रमाने उघडलेली दोन खाती दुबार नाहीत. नावांचा क्रम बदलला की ठेव विम्यासाठी ती वेगळी धरली जातात. अज्ञान मुलाचा पालक म्हणून किंवा भागीदारीतला भागीदार म्हणून असलेलं खातंही वेगळ्या नात्यातलं.

खात्री झाल्यावर जुनी नोंद पुसायची नाही. एक क्रमांक चालू ठेवायचा, बाकीचे त्याला जोडून बंद करायचे, कोणी जोडलं, कोणी मंजूर केलं, कधी, हे लिहून ठेवायचं. जोडणारा आणि मंजूर करणारा एकच असता कामा नये. ग्राहकाला बोलावून सही, फोटो आणि वारसदार ताजे करून घ्यावेत. दोन नोंदींत दोन वारसदार असतील तर कोणता खरा, हे ठरवायचा अधिकार क्लार्कला नाही.

पुढे नवीन दुबार होऊ नयेत यासाठी खातं उघडतानाच शोध सक्तीचा करणं सगळ्यात स्वस्त पडतं. पॅन, मोबाईल किंवा १४ अंकी केंद्रीय केवायसी क्रमांक टाकल्याशिवाय 'नवीन ग्राहक'चा फॉर्म उघडायलाच नको. काउंटरवर दोन मिनिटं जास्त जातील.

ग्राहकांनी काय करायचं? घरातली सगळी पासबुकं आणि ठेव पावत्या एकदा टेबलावर मांडा आणि ग्राहक क्रमांक बघा. एकाच बँकेत एकाच माणसाचे दोन निघाले तर शाखेत लेखी अर्ज द्या, पॅन आणि आधारची प्रत जोडा, नावातला फरक असेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत द्या, आणि पोच घ्या. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट फुकट मिळतो, तोही काढून बघा. त्यात दुसऱ्याच 'एम. पी. पाटील'चं कर्ज दिसलं तर तक्रार करता येते, आणि ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. अर्जावर तारीख घालायला विसरू नका, दिवस तिथूनच मोजले जातात.